आईच्या मागं चालणारे आबा

आबा गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक माणूस एकच शब्द बोलून गेला. सुटले. कुणी म्हणालं आबा सुटले, कुणी माझ्याकडं बघून म्हणालं तू सुटलीस. मी मान हलवत राहिले. त्या दिवसांत माझ्या अंगात बोलायचंही त्राण नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. बेंबळीचे गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची आहेत असं लोक म्हणायचे. त्यातला अतिशयोक्तीचा भाग सोडला तरी आमच्या बुद्धविहाराच्या भिंती आणि शाळेच्या दोन खोल्या त्यांच्या हातच्या होत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुण्याचा एक ठेकेदार त्यांना न्यायला घरी येऊन बसला होता. बांधकामावर राहायला खोली देतो म्हणाला. आबांनी त्याला चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. आईमुळं.

आईचं माहेर भूमकडचं. माझ्या पाठीवर भाऊ, आणि त्याच्या पाठीवर एक मुलगी झाली होती. ती तापानं गेली. त्यानंतर आईला काय झालं ते तेव्हा कुणालाच नीट सांगता आलं नाही. ती बोलायची कमी झाली. मग एक दिवस चुलीवर भाकरी टाकलेली तशीच ठेवून उठली आणि रस्त्याला लागली. भाकरीचा कोळसा झाल्यावर शेजारणीनं आरडाओरड केली. आबांना कामावर निरोप गेला. आई त्यांना पार धाराशिवच्या रस्त्याला सापडली, अनवाणी. कुठं निघालीस विचारलं तर म्हणाली, "घरी."

पुढं हे नेहमीचंच झालं. कधी महिना सुखाचा जायचा, कधी आठवड्यात दोनदा ती निघायची.

सगळ्यांनी आपापला सल्ला दिला. कुणी देवऋषी सुचवला. तो विषय आबांनी लगेच मोडून काढला. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशीच ते सगळं घराबाहेर टाकलं होतं. थोरले चुलते मात्र ओसरीवर बसून स्पष्टच बोलले.

"पोरं ल्हान हायती. दुसरी कर. हिला हिच्या भावाकडं धाड. कोण नावं ठेवणार न्हाय तुला."

आबा भिंतीला टेकून बसले होते. मग म्हणाले, "दादा, मला असं झालं असतं तर?"

"तुला कशाला हुईल?"

"झालं असतं तर म्हणतो. हिनं दुसरा केला असता का?"

चुलते चिडून उठून गेले. वर्षभर आमच्याकडं जेवले नाहीत.

आबांनी मग आपल्या परीनं मार्ग काढला. आईला ते कामावर सोबत न्यायला लागले. एसटीनं जाऊन येता येईल एवढ्याच अंतरावरची कामं घ्यायची. तिथं झाडाची सावली बघून पोतं अंथरायचं, तिला बसवायचं आणि बांबूच्या पायाडावरून एक डोळा तिच्यावर ठेवून गिलावा करायचा. बरं असलं तर ती वाळू चाळून द्यायची. काही मालकांना हे खपायचं नाही. वेड्या बाईला घेऊन फिरतो म्हणायचे. असली कामं आबा सोडून द्यायचे.

आमचं सगळं तेच करायचे. भाकऱ्या करायचे, जाड आणि कडेला फाटलेल्या. माझी वेणी घालायचे. सिमेंटनं त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या, त्यात माझे केस अडकायचे. मी ओरडले की म्हणायचे, "झालं झालं, माझी बाय, एक पेड राहिला." आमच्यावर ते कधी ओरडले नाहीत. पण हसायचेही कमीच. संध्याकाळी जेवताना घास हातात धरून तसेच डोळे मिटायचे, मग भाऊ त्यांचं मनगट हलवायचा.

एकदा सुट्टीत आई निघाली तेव्हा मीही आबांबरोबर गेले होते. तिसऱ्या प्रहरचं ऊन होतं. ती पुढं, आम्ही बरंच मागं. आबांच्या एका हातात तिच्या चपला, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मी म्हटलं, "आबा, हाक मारा की."

"हाक मारली की ती पळती."

"मग?"

"मग काय? चालायचं. दमली की बसती. बसली की पाणी द्यायचं, चपला घालायच्या. मग येती आपल्या आपण."

तसंच झालं. एका बाभळीखाली ती बसली. आबांनी पाणी दिलं, तिच्या तळपायातला काटा काढला. येताना एसटी मिळाली. त्यांना उभं राहावत नव्हतं, पण जागा एकच होती, ती त्यांनी आईला दिली.

माझं लग्न बेंबळीतच झालं, विहारासमोर मांडव घालून. पंचशील चालू असताना मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आई मांडवाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडत होती. आबांनीही पाहिलं. ते नवीन पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेत उभे होते. त्यांनी चुलत्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गेले. माझं लग्न आईबापाविना लागलं. वडिलांच्या जागी चुलते उभे राहिले, तेच चुलते. सासरच्या माणसांना काय सांगायचं म्हणून सगळे कुजबुजत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, नक्की कुणाचा ते कळत नव्हतं.

दिवस मावळायच्या वेळेला एका ट्रॅक्टरवर बसून दोघं आले. आबांचा सदरा धुळीनं मातकट झाला होता. जीप तयार होती. ते माझ्याजवळ आले.

"लागलं का गं?"

"लागलं."

"बरं झालं." एवढंच म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. आई शेजारी उभी राहून माझ्या साडीचा काठ चाचपून बघत होती.

पुढं सोलापूरच्या एका डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. हा आजार आहे, गोळ्या कायम घ्याव्या लागतील म्हणाले. गोळ्यांनी ती सुस्त झाली, अंगानं सुटली, हात कापायला लागले. पण तिचं रस्त्याला लागणं थांबलं. गोळी चुकली असा एकही दिवस आबांनी जाऊ दिला नाही. भावाला पुण्यात नोकरी लागली, मी तुळजापूरला शिक्षिका झाले. दोघं बेंबळीत एकमेकांना धरून म्हातारे झाले.

मग आबांचे गुडघे गेले आणि पाठोपाठ अर्धांगाचा झटका आला. दोघांनाही मी तुळजापूरला घेऊन आले. ती शेवटची वर्षं मला धूसर आठवतात. सकाळी दोघांचं आवरायचं, शाळा, दुपारी येऊन पुन्हा त्यांचं सगळं. यात्रेच्या दिवसांत रस्त्यावर गर्दी व्हायची, औषधांच्या दुकानापर्यंत जायलाही जीवावर यायचं.

आई त्यांच्या खाटेजवळ बसून असायची. कधीतरी चिडायची. "उठा की. कामाला जायाचं न्हाय का?"

"आज सुट्टी हाय," आबा म्हणायचे. जीभ जड झालेली, पण एवढं नीट यायचं.

"रोजच सुट्टी कशी वो?"

"म्हातारपणाची."

एका रविवारी त्यांचं अंग पुसत असताना मी विचारलं, "आबा, तुम्हाला कधी कंटाळा नाही आला?"

मला वाटलं ते नाही म्हणतील.

"आला की. लई आला. एकदा तर म्या मागं फिरलो व्हतो. म्हणलं, जाऊ दे. जिकडं जायाचं तिकडं जाऊ दे. रस्त्याच्या एका मोरीवर बसून राह्यलो."

"मग?"

"मग काय. बसवंना. गेलो पुन्हा. लई लांब जाऊन बसली व्हती. मला बघितलं आन् म्हणली, आज लई उशीर केला तुमी."

त्यांच्या तोंडातून लाळ आली होती, मी पुसली.

"तवर मला वाटायचं, हिला मी मागं हाय ते ठाव न्हाय." आई तिथंच बसून शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

आबा पावसाळा संपता संपता गेले, सकाळची पेज घेऊन झाल्यावर. मी शाळेत होते. आईनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, "ह्ये बोलंनात." पुण्यानुमोदनाच्या विधीला बेंबळीहून माणसं आली. भाऊ चार दिवस राहिला आणि गेला. आईला नेतो म्हणाला, पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिला जिना चढवत नाही.

नवरा नोकरीला बाहेरगावी असतो, घरात आता आम्ही दोघीच. ती आबांबद्दल फारसं विचारत नाही. शेजारपाजारचे मला म्हणतात, तुझ्या वडिलांसारखीच आहेस हो. पण पक्कं घर, नळाला पाणी, पंखा, एवढं सगळं असून दुपारपर्यंत माझा जीव अर्धा होतो. आवाज चढतो. काल तिला आंघोळ घालताना मी तांब्या जरा जोरातच ओतला. ती दचकली, डोळे घट्ट मिटून म्हणाली, "हळू गं माय."

मी तांब्या खाली ठेवला आणि बादलीच्या काठावर थोडा वेळ नुसतीच हात टेकून बसले. ती ओल्या अंगानं पाटावर शांत बसून होती. मग टॉवेल घेतला आणि तिची पाठ पुसायला लागले.