गाडीत राहिलेलं गवत

आखातातल्या हाइलजवळच्या डेअरीतला जयदीप शेवाळे मूळचा निफाडचा. इतका नेमका, की चहातली साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचा. गायींसाठी राय गवताचे वेगवेगळे वाण लावले जात. त्यात प्रथिनं किती, साखर किती, गायीला पचेल किती, हे तपासणं त्याचं आणि कादिरभाई परकारचं काम.

गेल्या हंगामात कादिरभाई कापणीचं मशीन पाठवायला विसरला. गवत ओंबीवर आलं, जून झालं, तपासणी वाया गेली. मॅनेजरसमोर मात्र तो शांतपणे म्हणाला, "कापणीचं जयदीपकडे होतं, साहेब." जयदीपची बढती गेली, आणि बढतीबरोबर बायको-मुलीला इकडे आणायचा व्हिसाही. श्रुती फोनवर एवढंच म्हणाली, "मग ईशाची शाळा इथेच बघते." त्या दिवसापासून जयदीप कादिरभाईशी जास्तच गोड बोलू लागला.

यंदा कादिरभाईने निवडलेला वाण सगळ्यांत तजेलदार होता. तो वाण पहिला आला की लॅबचा प्रमुख कादिरभाईच होणार होता.

कापणी शुक्रवारी पडली. कापलेलं गवतही काही काळ जिवंत असतं. उष्ण जागी राहिलं तर स्वतःचीच साखर खाऊन टाकतं. म्हणून नमुन्यांच्या पिशव्या लगेच सुकवायच्या ओव्हनमध्ये जायला हव्यात. कादिरभाईने नेहमीसारखी पिकअपची किल्ली जयदीपच्या हातावर ठेवली.

"जुम्म्याला जातो रे बाबा. पिशव्या तू बघ. तू मागं असलास की नमाजात मन लागतं."

"जा हो, निवांत जा."

बाकीच्या पिशव्या जयदीपने आत नेल्या. कादिरभाईच्या वाणाची तेवढी बंद गाडीत, उन्हात राहू दिली. मध्ये एकदा तिच्यात हात घालून पाहिला. ताप चढलेल्या अंगासारखी लागली. त्याने दार हलकेच लावून घेतलं. नमाज सुटता सुटता ती ओव्हनमध्ये इतरांशेजारी ठेवली.

कादिरभाई घरून बायकोने दिलेली झाकलेली ताटली घेऊन आला. "हफीजाने मटणातली नळी मुद्दाम तुज्यासाठी काढून ठेवली." मग ओव्हन उघडून त्याने पिशव्या चाचपल्या, जरासा थांबला आणि दार लावलं. जयदीप नळी चोखत राहिला.

निकालात तो वाण तळाला गेला. कादिरभाईची बदली दूर वाळवंटातल्या हफ्र अल बातिनच्या चारा-गोदामावर झाली. निघताना ट्रंक बांधता बांधता तो म्हणाला, "आंबूस वास त्याच दिवशी आलेला मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं बोलू? मागच्या साली मी काय केलं ते तुला ठाऊक, मला ठाऊक." त्याने दोरीला गाठ मारली. "आता खलास ना? फिटलं?"

जयदीपने विचारलं, "हफीजाभाभी आणि मुलं येतायत तिकडे?"

"नाय रे. गोदामावर घर नाय. रत्नागिरीस धाडतोय त्यांना."

"हां," जयदीप म्हणाला. "आता फिटलं."

आणि ट्रंकेची एक कडी धरून त्याने ती गाडीत चढवायला हात दिला.