जेफ्थाचा कोपरा

लुरेना हेन्सलीच्या घराला पांढऱ्या फळ्या लागल्या तेव्हा खोऱ्यातलं कोणी तिच्या तोंडावर काही बोललं नाही. पाठीमागे बोलायचं ते बोलून झालं. केंटकीच्या डोंगरात, स्पाइसवूड ओढ्याच्या काठाला, सगळेच ओंडक्यांच्या घरांत राहत होते आणि लुरेनाचं घर तर सगळ्यांनी मिळून उभं केलेलं. तिचं नवं लग्न झालं तेव्हा प्रत्येक घरानं चेस्टनटचा एकेक ओंडका आणून टाकला. बायकांनी घेवडा शिजवला, मक्याच्या भाकरी भाजल्या आणि दिवस मावळायच्या आत भिंती छपराला भिडल्या. चार कोपऱ्यांवर चार पटाईत कुऱ्हाडवाले बसले होते. धुराड्याकडचा कोपरा डॉर्कसच्या नवऱ्याकडे, जेफ्था साइझमोरकडे होता. तो इतका निगुतीनं काम करत होता की बाकीचे तिघे दिवसभर त्याच्या मागे लागले होते, "काय रे जेफ्था, खाच पाडतोयस की डॉर्कसला कंगवा कोरतोयस?"

जेफ्था नुसता हसला. ओंडके एकमेकांत अडकवायला टोकाला पाडलेली खाच बाहेरच्या बाजूला उतरती हवी, म्हणजे पावसाचं पाणी निथळून जातं. उलटी पडली की पाणी मुरतं आणि भिंत कुजते. त्यामुळे आमच्याकडे घर कुजलं की लोक घरमालकाला काही म्हणत नाहीत, कोपरा कुणी केला होता ते विचारतात. माणूस मेला तरी विचारतात.

पुढे लुरेनाची एक मामेबहीण शहरातून आली आणि "अगं, तू अजून मक्याच्या कोठारातच राहतेस?" म्हणून खळखळून हसली. तेवढं पुरलं. लुरेनानं नवऱ्याचं, हार्लनचं, डोकं खाऊन खाऊन चारही भिंतींना फळ्या ठोकून घेतल्या, त्यांना पांढरा रंग दिला आणि परक्या माणसाला आपलं घर पहिल्यापासून फळ्यांचंच आहे असं बिनदिक्कत सांगू लागली. हार्लन अशा वेळी उठून गोठ्यात जाई.

पुढे तिच्या मुलाचं लग्न लेक्सिंग्टन शहरातल्या मुलीशी ठरत आलं. मुलीची आई, प्रूइटबाई, शनिवारी घर बघायला आल्या. ओसरीवर सफरचंदाची गोड पाई खाऊन झाली होती, घराचं कौतुक चाललं होतं, आणि नेमकी तेव्हाच डॉर्कस साइझमोर काठी टेकत चढ चढून आली. जेफ्थाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता डॉर्कसला तिचा मुलगा ओहायोला नेणार होता, सोमवारी, कायमचं.

"लुरेना, जाण्याआधी माझ्या म्हाताऱ्याचा कोपरा दाखव गं. एकदा हात लावते नि जाते. या फळ्यांच्या मागेच आहे ना?"

प्रूइटबाईंनी मान वर केली. "कसला कोपरा?"

लुरेना घाईघाईनं म्हणाली, "ते जुनं ओंडक्यांचं घर होय? ते पाडलं की आम्ही, काकू. कुजलं होतं. हे सगळं नवीन बांधलंय."

"कुजलं?" डॉर्कस खालच्या पायरीवरच थांबली. "कुठून कुजलं?"

आता मागे फिरायची सोय नव्हती. "धुराड्याकडून," लुरेना म्हणाली.

डॉर्कसचा चेहरा उतरला. पाणी हवं का, बसता का, लुरेना विचारत राहिली आणि ती आली तशी उतरून गेली. प्रूइटबाई म्हणाल्या, "बिचारी, वय झालंय." लुरेनानं मान डोलावली; खोटं बोलल्यापेक्षा त्याची लाज तिला पुढे जास्त वाटली.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की ज्याला कुणाची माफी मागायची असेल तो उठतो, त्या माणसासमोर हात पुढे करतो आणि समोरच्यानं हात हातात घेतला की प्रकरण मिटतं. त्या रविवारी डॉर्कस उठली.

"मी उद्या जातेय. जेफ्थाच्या हातून हेन्सलींच्या घराचा कोपरा बिघडला. भिंत कुजली, बिचाऱ्यांना घर पाडावं लागलं. तो असता तर त्यानंच माफी मागितली असती. लुरेना, त्याच्या वतीनं मी मागते."

सगळं खोरं बघत होतं. फळ्यांच्या आत काय आहे ते त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. हार्लन मांडीवरच्या हॅटकडे बघत राहिला. लुरेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही तिनं काय करावं? तो म्हातारा हात तिनं हातात घेतला. माफ केलं त्याला!

दोघं घरी आली. दारात हार्लन म्हणाला, "पहार शोधशील तर गोठ्यात आहे." आणि तो आत निघून गेला.

लुरेनानं चांगला झगासुद्धा बदलला नाही. धुराड्याकडच्या फळ्या तिनं एकटीनं उचकटल्या. आत कोपरा जसाच्या तसा होता. लाकूड कोरडं, खणखणीत. खाचा अशा बसलेल्या की मध्ये चाकूचं पातं जाईना. तिथेच भुईवर बसून ती रडली, मग उठून डॉर्कसला घेऊन आली.

डॉर्कसनं कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. प्रत्येक खाचेत बोट घालून उतार चाचपला.

"कोरडा आहे," ती म्हणाली. मग वळली. "मग पोरी, माझा हात का घेतलास?"

"विहीणबाई आल्या होत्या, काकू... मला घराची लाज वाटली."

"ते काल. मी आजचं विचारतेय."

लुरेना भुईवरची पहार उचलून भिंतीला टेकवू लागली.

"मी सगळ्यांसमोर त्याला नालायक ठरवलं," डॉर्कस म्हणाली. "माझ्या तोंडानं. आणि उद्या मी इथे नसणार."

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर लुरेना उठली आणि तिनं काहीही न वगळता सगळं सांगितलं. विहीणबाईंना आपण पत्रातून खरं कळवलंय, लग्न मोडलं तर मोडो, तेही सांगितलं. मग रीतीप्रमाणे तिनं हात पुढे केला. तो घ्यायला डॉर्कस नव्हती. साइझमोरांच्या बाकावर कोणीच नव्हतं. दुसऱ्या कुणी तो घेणं रीतीत बसत नव्हतं, म्हणून कोणी घेतला नाही, आणि लुरेना तसाच हात धरून उभी राहिली, हार्लननं तिला बाहेर नेईपर्यंत.