पिशोरचा हिरवा ठिपका

मुबश्शिराला ऑफिसात सगळे हट्टी म्हणतात, आणि ती आहेच हट्टी. मी तिच्या शेजारच्या टेबलावर तक्रारींचे फोन घेते. पाच वर्षांत तिनं एकही गोष्ट केवळ सर म्हणाले म्हणून मान्य केलेली मी पाहिली नाही.

ती हर्सूलची. वडील शफीकभाई पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. मोटार उघडून पाहिल्याशिवाय ती जळाली असं म्हणायचं नाही, हा त्यांच्या दुकानाचा कायदा. मुलगी तोच कायदा घेऊन आमच्या इंटरनेट कंपनीत आली आणि साहेब लोकांच्या डोक्याला ताप झाली.

तिचं काम भिंतीवरच्या स्क्रीनवर नजर ठेवायचं. शहरापासून वेरूळ, पिशोरपर्यंत गावोगावी आमचे डबे बसवलेत, त्यांतून घराघरात इंटरनेट जातं. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक डब्याला विचारतं की बाबा, चालू आहेस का, किती वेळापासून आहेस, कुठली तार तुटली का. उत्तर आलं तर गावापुढं हिरवा ठिपका, नाही आलं तर लाल. मधेच काही घडलं तर डबा विचारायची वाटही पाहत नाही, आपणहून निरोप धाडतो.

पिशोरचा ठिपका कायम हिरवा. आणि तिथले आमचे लाइनमन कारभारी काका दिवसाआड फोन करणार, "ताई, लाइन बंदय. लोकं माझ्या अंगावर येतेत." मी स्क्रीनकडं बघून म्हणायचे, "काका, इथं तर सगळं ठीक दिसतंय." किती वेळा म्हणाले असेन, आता आठवलं की लाज वाटते.

त्या सोमवारी मॅनेजर शिवराज सर एक कागद घेऊन आले. कारभारी काम टाळायला थापा मारतो, म्हणून त्याला काढायचं ठरलं होतं. पिशोरच्या लाइनमध्ये सात महिन्यांत एकही बिघाड दिसला नाही, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली मुबश्शिराची सही हवी होती.

"आधी बघते, मग सही करते," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? हिरवं दिसतंय ना?"

"हिरवं म्हणजे कुणीतरी उत्तर देतंय, सर. कोण देतंय ते बघू द्या."

सर पाय आपटत केबिनमध्ये गेले. तिनं पिशोरच्या डब्याला स्वतः विचारलं, किती वेळापासून चालू आहेस? उत्तर आलं, दोनशे बारा दिवस, न थांबता. ती माझ्याकडं वळली.

"करुणाताई, पिशोरात लाइट कितीदा जाते?"

"रोज जाते. कधी कधी दोनदा."

"आणि काकांच्या डब्याला बॅटरी?"

बॅटरी काकांनी तीनदा मागितली होती. तिन्ही तक्रारी मीच लिहून घेतल्या होत्या. बॅटरी काही इथून पाठवली गेली नव्हती.

"मग रोज लाइट जाणाऱ्या गावात हा डबा दोनशे बारा दिवस जागा कसा?"

तिनं उत्तर देणाऱ्या डब्याचा पत्ता तपासला. तो आमच्याच ऑफिसातला निघाला. स्टोअरच्या कपाटावर जुन्या कॅलेंडरांखाली एक डबा ऑफिसच्या इन्व्हर्टरवर दिवा मिचकावत पडला होता. सात महिन्यांपूर्वी उद्घाटनाला पाहुणे यायचे होते आणि पिशोरची लाइन तयार नव्हती. तेव्हा स्क्रीन हिरवी दिसावी म्हणून सरांनी हा डबा दोन दिवसांसाठी लावला होता. पुढं पिशोरात खरा डबा बसला, पण स्क्रीनवरचा पत्ता कुणी बदललाच नाही. पिशोरात लाइट परत आली की खरा डबा निरोप धाडायचा, मी आत्ताच चालू झालो. तो यादीत नव्हता, म्हणून सॉफ्टवेअर त्याचे निरोप बाजूला टाकत होतं. असे शेकडो निरोप साचले होते. मुबश्शिराचा चेहरा रागानं लाल झाला.

तिनं सरांना स्क्रीनपुढं आणून उभं केलं आणि कपाटावरच्या डब्याची वायर उपटली.

"पाच मिनिटं थांबा, सर."

सर घड्याळ बघत राहिले. पाचव्या मिनिटाला पिशोर लाल झालं.

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "चूक झाली गं. पत्ता बदलून टाक. रिपोर्टात तांत्रिक अडचण लिही, वरपर्यंत कशाला न्यायचं?"

"तांत्रिक काही नव्हतं. काका खरं बोलत होते, तेच लिहिणार."

"नोकरी नकोय का तुला?"

"पाहिजे ना. काकांना पण पाहिजे."

तिनं तिथंच उभ्यानं रिपोर्ट टाइप केला. दोनशे बारा दिवस पिशोरच्या नावानं आमचं कपाट बोलत होतं, कारभारींची प्रत्येक तक्रार खरी होती, आणि बॅटरी तीनदा मागूनही दिली नाही. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि मालकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पाठवून दिला. पाठवायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा, मीही खाली माझं नाव जोडायला सांगितलं होतं. सरांनी त्यांचा कागद घडी करून खिशात घातला. तिचं पुढं काय करायचं ते मालक ठरवणार होते. ती मात्र खुर्ची ओढून पत्ता बदलायला बसली.

दुपारी तीनला पिशोरचा ठिपका पुन्हा लाल झाला. लगेच माझा फोन वाजला. कारभारी काका सवयीनं आधीच अजिजीच्या सुरात बोलू लागले, "ताई, खोटं नाय सांगत, इथं लाइट गेली..."

मुबश्शिरानं माझ्या हातातून फोन घेतला.

"व्हय काका," ती म्हणाली. "दिसतंय मला."