बुवांना सांगितलेली कुस्ती

गाण्यावर लिहिणारा माणूस रेडिओवर कुस्त्या नि क्रिकेट सांगायला कसा लागला, असं लोक विचारतात. विचारतात कसले, खोचक हसतात! हसोत बापडे. मी थोडाच आपण होऊन गेलो त्या वाटेला? मला एका आंधळ्या गवयानं तिकडे लावलं, तेही जव्हारला, दसऱ्याच्या कुस्त्यांत.

मी तेव्हा ठाण्याच्या एका साप्ताहिकात गाण्याच्या बैठकींवर लिहीत असे. जव्हार संस्थानात दसऱ्याला दरबारात गाणं व्हायचं, म्हणून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत घाट चढायचो. तिथले दरबारी गवई बुवा लहानपणीच देवीच्या आजारानं आंधळे झालेले. आवाज मात्र असा, की अंगावर काटा यायचा. तरी एकदा मी त्यांच्या तानेला जात्याची घरघर म्हटलं होतं. तरुण होतो, अक्कल कमी नि शाई फार. बुवांना ते कुणीतरी वाचूनही दाखवलं होतं.

त्या वर्षी दुपारी आखाड्यावर गेलो, तर गर्दीत बांबूचा कठडा धरून बुवा उभे! गवई नि आखाड्यात? मग कळलं, त्यांचा एकुलता एक मुलगा उतरणार होता. आवाज फुटल्यावर पोरानं तंबोरा खाली ठेवला नि तांबडी माती धरली, तेव्हापासून बापलेकांत बोलणं बंद होतं. घरात त्याची पावलं वाजली की बुवा तोंड फिरवून बसायचे.

माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. "घरघरवाले ना? या. आज तुमचे डोळे द्या मला. नि हातचं राखून सांगू नका."

मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. येत होती त्या भाषेत सांगू लागलो. "बुवा, अजून विलंबित चाललंय, दोघं नुसते फिरताहेत. आता तुमच्या मुलानं लय वाढवली. मनगट धरलं, सोडलं... पुन्हा तीच जागा घेतोय." बुवांची बोटं कठड्यावर ठेका धरायला लागली. आणि बघतो तर, देवा रे! त्या पोरानं आपल्याहून दीडपट गड्याला मातीतून अलगद उचललं होतं, भाताचा भारा उचलावा तसं. एवढी ताकद नि एवढा डौल एका जागी मी कुठल्याही बैठकीत पाहिला नव्हता. मी चक्क ओरडायलाच लागलो.

मागे खोडाळ्याची, साखरशेतची माणसं दाटीत उभी होती, त्यांना काही दिसत नव्हतं. "दादा, जोरानं सांग ना रं, आमाला पन!" संस्थानच्या कारभाऱ्यानं पुकारा करायचा पत्र्याचा भोंगा माझ्या हातात कोंबला. मग काय, सगळ्यांनाच सांगत सुटलो.

पण उचललेला गडी हवेतच वळला, पोराच्या मानेला मिठी घालून खाली आला. दोघं धाडकन पडले. धुरळा उडाला.

"पाठ कुणाची लागली?" बुवांनी विचारलं.

"तुमच्या मुलाची," मी म्हणालो. मला ते सांगवेना, पण सांगितलं.

"ती राहू दे हो! तो उठला का?"

"उठला, बुवा. मान चोळतोय. इकडेच येतोय."

पोरगा कठडा ओलांडून आला नि पाया पडायला वाकला. बुवांनी त्याला मध्येच धरलं. त्यांचे हात त्याच्या दंडांवरून खांद्यांवर गेले, मातीनं माखलेल्या मानेवर गेले, परत दंडांवर आले. "अरे," ते म्हणाले, "केवढा झालास रे! केवढा झालास!"

मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, आता काय चाललाय?"

मी भोंगा तोंडाला लावला नि सांगितलं, "बाप पोराला बघतोय!"