अंगाचं खोटं माप

मी बोलायला लागलो की तामलवाडीतल्या म्हशी रवंथ थांबवून ऐकतात, असं मीच लोकांना सांगत असतो. त्यामुळं देवीच्या मंडपात योगवर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या रांगेत मी असणार हे ठरलेलंच होतं.

शिकवणाऱ्या बाई तुळजापूरहून यायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सगळ्यांना एकच आसन देणार नाही मी. झंपर जसा ज्याच्या त्याच्या मापानं शिवतात, तसा योग. वाकताना गुडघे दुमडले तरी चालतील. खाली बसवत नसेल तर खुर्ची घ्या. श्वास अडला की थांबा. फक्त माप खरं द्या."

मग एकेकाला विचारत आल्या. एकानं कंबर सांगितली, एकीनं टाच. माझ्यापाशी थांबल्या. "तुम्हाला काय जमतं, दादा?"

खरं म्हणजे मला पायमोजा चढवायलासुद्धा भिंत लागते. पण मागं अर्धं गाव बसलेलं. म्हणालो, "बैठका मोजायचं सोडलंय, बाई. मोजणाऱ्याला झोप लागते."

गाव हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मी सांगितलेल्या मापाचं आसन दिलं: हात वर, पाठ ताठ, अन् खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं राहायचं.

थोड्याच वेळात मांड्या लटपटायला लागल्या. मग पोट, मग गाल. मंडपाचे पत्रे वाजले म्हणा ना. श्वास कधीचाच अडला होता, पण थांबायचं सोडून मी दात खाऊन हुंकार देत राहिलो. डोळे पांढरे झाले. त्यात मंगळवार, कपाळभर कुंकू आणि गळ्यात कवड्यांची माळ.

दिवा लावायला आलेल्या एका म्हातारीनं हे बघितलं. तेलाची वाटी खाली ठेवून तिनं माझ्यापुढं हात जोडले.

"आई आली," ती म्हणाली. मागच्या दोघींनी पदर डोक्यावर घेतले.

खरं काय ते तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण थरथर देवीची ठरली, तर माझ्या मांड्यांची अब्रू वाचत होती. मी आणखी जोरात घुमलो.

म्हातारी जवळ सरकली. "आये, एक डोळा गेलाय. दुसऱ्याचं आपरेशन करा म्हणत्यात. करू का नको? ह्यो बी गेला तर म्या कुणाकडं बघू? तू सांगशील तसं करते."

उरलेल्या एका डोळ्यानं ती माझ्या तोंडाकडं बघत होती. आजवर माझ्या बोलण्यावर लोक हसले, डोलले. त्यावर डोळा पणाला लावणारं कुणी भेटलं नव्हतं.

मी धपकन खाली बसलो. "मावशी, देवी न्हाय ही. मांड्या हायत माझ्या, लटपटल्या. डोळ्याचं डॉक्टरला विचारा तुमी."

"त्येच म्हणले, मनाची तयारी करून या. म्हणून तर हितं आले." तिनं मला पायापासून कपाळापर्यंत न्याहाळलं. "मग घुमलास कशाला रं?"

तिनं वाटी उचलली, आत गाभाऱ्यापुढं गेली आणि तोच प्रश्न पहिल्यापासून देवीला सांगू लागली, सावकाश. मला तिथून पळून जायचं होतं. मांड्यांनी उठू दिलं नाही, म्हणून शेवटपर्यंत ऐकावं लागलं.