बंद करायच्या गोष्टींची यादी

तुमचे आजोबा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी वही घेतली आणि त्यांच्या नावावरच्या, आता बंद करायच्या गोष्टींची यादी केली. मोबाइलचा नंबर, दुसरं वर्तमानपत्र, बँकेचं कार्ड. काम झालं की पुढे बरोबरची खूण. मी आयुष्यभर अशीच वागले. घरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी असे आणि आजोबा म्हणत, "तू एक दिन मन्हावर बी चिठ्ठी लावशी."

कार्डातून दरमहा काही रक्कम जात होती. कारण इंग्रजीत लिहिलं होतं, मेंबरशिप. नंदुरबारच्या शाळेत मी इंग्रजीच शिकवलं, शब्दाचा अर्थ मला कळत होता. वाटलं, कुठला तरी क्लब असेल. गुडघे गेल्यापासून हा माणूस ओट्यापलीकडे गेला नव्हता, त्याला क्लब कसला? मी ती बंद केली आणि खूण केली.

ते तुमचं शेत होतं.

तापीकाठच्या खऱ्या वावरात जाणं थांबलं तेव्हा तुमच्या बाबांनी त्यांना टीव्हीला जोडायचं मशीन आणि शेतीचा खेळ आणून दिला. दर रविवारी संध्याकाळी, तुमच्याकडे तेव्हा सकाळ असे, ते इथून आणि तुम्ही दोघं तिकडून टीव्हीच्या पडद्यावर एकच शेत कसत होता. त्या खेळात केळी नव्हती, म्हणून ते मक्यालाच केळी म्हणत. शेजारी दारातून विचारत, "काय करी ऱ्हायनात, आप्पा?" पडद्यावरची नजर न काढता उत्तर येई, "वावरमा शे."

पावसाळा संपता संपता तुमच्यातल्या धाकटीचा फोन आला. "आजी, आजोबांचा मका कापायचा राहिलाय. दिवाळीत आलो की त्यांच्याच मशीनवर कापू." मी हो म्हटलं. काळजी नव्हती. खेळाची डबी कपाटात होती, वर चिठ्ठी होती : आजोबांचा खेळ, टाकू नये.

डबी उघडली तर आत तबकडी नव्हती. आकडे छापलेला एक जाड कागद होता. तो घेऊन मी मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी.

"बाई, डबीमा खेळ नव्हताच. हाई वरीसभरनी परवानगी व्हती. मंग महिनाले महिना."

"पण आम्ही तो विकत घेतला होता."

"इकत काहीच नही भेटस आते. पैसा बंद, खेळ बंद."

घरी येऊन माझ्या कार्डावर त्याने मेंबरशिप पुन्हा चालू केली. खेळ आला, शेत आलं नाही. मेंबरशिप बंद झाली की खेळाची कंपनी ते शेत काही महिने ठेवते, मग पुसते. तशी सूचना आजोबांच्या मेलवर आली असणार. ती मेल त्यांच्या नंबरावर येणाऱ्या आकड्यांनी उघडत असे, आणि तो नंबर बंद करून मी पुढे खूण केली होती. पडद्यावर विचारत होते, नवीन शेत सुरू करायचं का?

तापीकाठच्या वावराचंही काम त्याच यादीत होतं. तलाठ्याकडे गेले, सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव गेलं आणि तिथे तुमच्या बाबांचं लागलं. वर्षभर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं, तरी वावर जागेवर होतं. खेळातल्या शेताला वारस लावता येत नाही. ते कधी आपलं नव्हतंच, आणि हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"बाई, नवं वावर करी देस. मका लावी देस," दुकानदार हळूच म्हणाला. "पोरेसले काय समजनार शे?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. मीही दोन दिवस तोच विचार करत होते. कागदावर खेळातलं जुनं शेत काढायलासुद्धा बसले. विहीर आठवली, गोठा आठवला. आजोबांनी घातलेला बांध कुठे वाकडा होता ते आठवेना. तुम्हाला ते दारातूनच दिसलं असतं.

म्हणून तुम्ही निघण्याआधी लिहिते आहे. मका राहिलेला नाही. तो माझ्या हातून गेला. डबीवरची चिठ्ठी मी काढली आहे. डबी ठेवली आहे, आलात की दाखवीन.