मागची सीट

सगळ्यात आधी साडीगार्ड गेलं. मागच्या चाकाजवळची ती लोखंडी जाळी, मागे बसणारीचा पदर चाकात अडकू नये म्हणून कंपनीने लावलेली. एका रविवारी माझ्या नवऱ्याने ती बोल्ट खोलून उतरवली, फडक्याने पुसली आणि थेट स्वयंपाकघरात आणून माझ्या वजनकाट्यावर ठेवली. तो काटा मी चकलीच्या भाजणीसाठी घेतला होता. काट्यावरचा आकडा बघून त्याचा चेहरा असा काही खुलला, की लग्नात मला बघूनही तितका खुलला नव्हता. हे मी अगदी जबाबदारीने सांगते.

"नुसतं लोखंड," तो म्हणाला. "काही कामाचं नाही."

"मी साडी नेसते," मी म्हटलं.

"तू नीट बसतेस की. पदर खोचतेस."

त्याच्या बँकेने पुण्याहून इथे बदली केली तेव्हा मी माझी स्कूटर विकली होती. ती विकताना फार जिवावर आलं होतं. कॉलेजपासून माझी मी जात-येत होते, कुणाच्या सोयीने घराबाहेर पडायची मला सवय नव्हती. पण बालीगंजच्या या जुन्या इमारतीत आमच्या वाट्याला एकच गाडी लावण्यापुरती जागा होती आणि त्याची स्पोर्ट्स बाइक नवी कोरी होती. "मागची सीट तुझी," तो म्हणाला. "रोज शाळेत सोडत जाईन." मला सियालदहजवळच्या शाळेत नोकरी लागली, त्याची बँक तिथून पुढे, रस्ता एकच. मी विश्वास ठेवला.

ती सीट आरामाची मुळीच नव्हती. उंच, अरुंद, पुढे घसरवणारी. पहिल्या आठवड्यात माझी कंबर धरली. पण मला ती आवडायची, हे आता सांगायला लाज कशाला वाटायला हवी? घरात तो फोनमध्ये असायचा आणि मी वह्या तपासत असायचे. आमचं बोलणं व्हायचं ते सकाळी सिग्नलवर. तो हेल्मेटची काच वर करायचा, मान अर्धी वळवायचा आणि काहीतरी सांगायचा. साहेबाची नक्कल करायचा. रात्रीच्या भांडणाचा निकालही बऱ्याचदा तिथेच लागायचा, कारण मागून ट्राम घंटा वाजवत असताना कुणालाही फार ताणता येत नाही. आमचा संसार त्या सिग्नलांवर चालला होता आणि मला ते ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं.

मग त्याला तो ग्रुप भेटला. रविवारी पहाटे निघून कोलाघाटपर्यंत हायवेवर गाड्या पळवायच्या, तिथे कचोरी आणि जिलेबी हाणायची आणि परत यायचं. त्या मंडळींनी त्याच्या डोक्यात वजन भरलं. गाडी हलकी तर पिकअप चांगला, वळणावर हलकी, ब्रेकला हलकी. घरात दुसरा विषय उरला नाही. साडीगार्डनंतर मागचं मडगार्ड गेलं. मल्लिकबाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानातून हलका सायलेन्सर आला आणि सगळ्या गल्लीला तो घरी आल्याचं कळायला लागलं. वजनदार बॅटरी जाऊन तिथे डबीएवढी बॅटरी बसली. लोखंडी बोल्ट जाऊन ॲल्युमिनियमचे आले. प्रत्येक निघालेली वस्तू माझ्या काट्यावर येऊन बसायची आणि मग मी काटा गरम पाण्याने घासायचे.

मडगार्ड गेल्याचा हिशेब तर सरळ माझ्याकडे आला. इथे पावसात रस्ते तुंबतात, तुम्हाला सांगायला नको. मागच्या चाकाने उडवलेलं ते काळं पाणी आधी माझ्या साडीवर आणि मला सोडून तो पुढे गेला की त्याच्या शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत रेघ ओढायचं. तो डाग साबणाला दाद देत नाही. गाडीचं वजन कमी झालं ते असं माझ्या बादलीत येऊन पडलं. आणि त्याचं स्वतःचं? कोलाघाटच्या कचोऱ्या, येताना आणलेले गुळाचे संदेश, दर शनिवारी मिष्टी दोईचं, म्हणजे गोड दह्याचं, मडकं. बोल्ट ॲल्युमिनियमचे झाले, पोट मात्र कंपनी फिटेड राहिलं. हे मी एकदा त्याच्या ग्रुपसमोर बोलले. सगळे हसले. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

आरसे तेवढे राहिले. ते काढले तर चौकातला ट्रॅफिकचा सार्जंट पावती फाडतो. सार्जंटला तो घाबरायचा. माझ्यात त्याला घाबरण्यासारखं काही नव्हतं.

दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो. इथे लोक ती विश्वकर्मा पूजेला करून मोकळे होतात, त्यामुळे आमच्या दरवानाला दरवर्षी नवल वाटतं. मी गाडीला हळदकुंकू लावते, नारळ फोडते, मागच्या धरायच्या दांडीला झेंडूचा हार बांधते आणि मग आम्ही दोघं एक चक्कर मारून येतो. माझ्या माहेरी माझे वडील आईला तशी चक्कर मारून आणायचे, म्हणून मी ते इथे सुरू केलं होतं. त्या वर्षी मी हार घेऊन खाली गेले तर बांधायला दांडीच नव्हती. आदल्या संध्याकाळी ती निघाली होती. मी हार हँडलला अडकवला. आम्ही चक्कर मारली, मी धरायला काही नाही म्हणून त्याचा शर्ट मुठीत धरून बसले. परत आल्यावर त्याने हार काढून माझ्या हातात दिला आणि हसत म्हणाला, "उगाच वजन."

तो थट्टा करत होता हे मला कळत होतं. तरीही मला ते असं लागलं, की जिन्यात थांबून मी आधी डोळे पुसले आणि मगच वर गेले.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. एके दिवशी शाळेतून आले तर तो खाली अंगणात पाटावर बसून मागची पायटेकणी काढत होता. शेजारी वर्तमानपत्रावर माझी सीट पडली होती. तिच्या जागी त्याने एक चकचकीत लाल झाकण बसवलं होतं, निमुळतं, वर चिमणीसुद्धा बसू शकणार नाही असं.

"मग मी?" मी विचारलं.

"अगं, लोकल आहे ना. बालीगंजहून सियालदह. माझ्याआधी पोचशील."

ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला निदान एखादी खोटी सबब तरी द्यायची.

"तू म्हणाला होतास मागची सीट माझी."

"मी तुला काढतोय का? पार्ट काढतोय." मग त्याने पाना खाली ठेवला आणि मला समजावायला लागला. गाडीचं वजन कुठे असावं, मागे भार आला की पुढचं चाक कसं हलकं होतं, मागे बसणारा माणूस म्हणजे डेड वेट कसा. हाताने हवेत आकृत्या काढून, शांतपणे, वर्गात मी समजावते तसं. मी ऐकून घेतलं. त्याला मी आवडत नव्हते असं नाही. तो वाईट वागत होता असं त्याला वाटतच नव्हतं, आणि अशा माणसाशी भांडायचं कुठून ते मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी दरवानाने विचारलं (इथे वहिनीला बौदी म्हणतात), "बौदी, पीछे का सीट चोरी हो गया क्या?"

"नहीं," मी म्हटलं, "दादा ने खुद निकाला."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

मी लोकलने जायला लागले. बायकांच्या डब्यात माझ्या ओळखी झाल्या, बांगला सुधारली. वेळेवर पोचायचे. सकाळी सिग्नलवर जे बोलणं व्हायचं ते मग कुठेच झालं नाही. रात्रीचं भांडण सकाळपर्यंत आणि सकाळचं पुढच्या रात्रीपर्यंत लांबायला लागलं. दसऱ्याला मी पूजा करायचे, तो एकटा चक्कर मारून यायचा. मी नारळाच्या वड्या करायला घ्यायचे.

काढलेलं सामान त्याने टाकलं नव्हतं. आपल्या घरांत काही टाकायची रीतच नाही. पुढेमागे लागेल म्हणून सगळं एका गोणपाटाच्या पोत्यात भरून माळ्यावर, पुण्याहून आणलेल्या आकाशकंदिलाशेजारी ठेवलेलं होतं. दर दिवाळीला कंदील काढताना ते पोतं मला आधी बाजूला ओढावं लागायचं. चांगलंच जड होतं ते.

यंदा पुन्हा बदलीची ऑर्डर आली. गाडी न्यायची नाही, विकायची ठरली. बेहालाचा एक तरुण बघून गेला. गाडी त्याला पसंत पडली, फक्त फोनवर एवढंच म्हणाला की रोज बायकोला ऑफिसला सोडायचं असतं, मागची सीट पाहिजे.

"सगळं ओरिजिनल आहे," माझा नवरा म्हणाला. "एकदम कंपनीचं. बसवून ठेवतो."

आणि एका सकाळी सगळं बसलं. पोतं खाली आलं, लाल झाकण निघालं. सीट, पायटेकणी, धरायची दांडी, मडगार्ड, साडीगार्ड, एकेक वस्तू पुसून, तेल देऊन जागच्या जागी. चहासुद्धा त्याने अंगणातच मागवला. मी गॅलरीतून बघत होते. इतकं सोपं होतं ते, हे मला त्या दिवशी कळलं. कधीही, कुठल्याही रविवारी होण्यासारखं होतं.

मग त्याने खालून हाक मारली. "जरा खाली येतेस? मागे बसून बघ ना. भार आल्यावर काही आवाज करतंय का कळलं पाहिजे."

मी कपाटावरचं माझं हेल्मेट काढलं, धूळ पुसली आणि गेले. साडीच नेसलेली होती. पदर खोचून बसले. इतक्या वर्षांनी दांडी हाताला गार लागली. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, मोठ्या रस्त्यावर सिग्नल लाल होता म्हणून थांबलो. त्याने काच वर केली, मान अर्धी वळवली. मी ऐकायला पुढे वाकले.

"खडखडतंय का काही?" त्याने विचारलं.

सीटचं कुलूप सैल होतं. प्रत्येक खड्ड्याला जाणवत होतं.

"हो," मी म्हटलं. "घट्ट कर. तिला रोज बसायचंय."

घरी आल्या आल्या त्याने पाना घेतला आणि सीट पक्की केली.